मालूच्या डोळ्यांनी वर पाहिलं नाही

देवावर माझा विश्वास होता, पण आधी संशय घ्यायचा आणि मग हात जोडायचे, असा माझा स्वभाव. मालू वयात येत होती तेव्हा तिला एकाएकी विलक्षण तहान लागू लागली. तांबेच्या तांबे रिचवायची, सारखी लघवीला पळायची, तरी ओठ कोरडे. उंची वाढायची थांबली. सकाळी उठली की डोकं धरून बसायची आणि उलटी करायची. मला वाटलं, कुणीतरी तिला काही खाऊ घातलं. पांढुर्ण्यात आमच्या शेजारच्या बाईने सणाला दिलेल्या पेढ्यावर माझा संशय होता. माझ्या सासूबाई करणी म्हणत. वैद्यांनी मधुमेह सांगितला. मधुमेहात लघवीत साखर उतरते म्हणतात, म्हणून मी तिच्या लघवीला मुंग्या लागतात का ते स्वतः पाहिलं. लागल्या नाहीत. तेव्हापासून वैद्यांवरचाही भरवसा गेला.

ते दिवसच तसे होते. आपला भाग कोणत्या राज्यात जाणार याच्या गोष्टी ओट्याओट्यावर चालत. माझे यजमान सौंसरच्या कचेरीत नोकरीला. कुणीतरी आपली बदली भोपाळकडे करवणार, या धास्तीने ते येणाऱ्या-जाणाऱ्याकडे शंकेने पाहत. अशा घरात मालू दिवसेंदिवस वाळत चालली होती.

शेवटी सासूबाईंच्या शब्दाखातर आम्ही तिला जामसावळीला नेलं. पिंपळाखाली निजलेल्या मारुतीपुढे डोकं टेकलं, तीर्थ घेतलं. मालूने तेही ओंजळ ओंजळ मागितलं, तेव्हा मला रडू आलं. बाहेर आलो तर एक म्हातारे गृहस्थ तिच्याकडे टक लावून पाहत होते. अंगात कोट, सोबत बायको. मी मालूला पदराआड घेतलं. ते जवळ आले, झाडावरचं निशाण दाखवलं आणि म्हणाले, "बेटी, मान नको उचलू. फक्त डोळे वर कर." मालूने मानच उचलली. त्यांनी यजमानांना हळूच सांगितलं की ते नागपूरला डोळ्यांचे डॉक्टर आहेत, छिंदवाड्याला निघाले होते, बायकोने हट्ट धरला म्हणून इथे उतरले. मुलीला लगेच घेऊन या, उशीर करू नका.

मला तो माणूस गिऱ्हाईक शोधणारा वाटला. "देवाच्या दारात दुकान मांडून राहिला," असं मी यजमानांना बोलून दाखवलं. घरी परतल्यावर त्याचा खोटेपणा उघडा पाडायचा म्हणून मी मालूची हनुवटी हातात धरली आणि अंगणातल्या संत्र्याच्या शेंड्यावरचं फळ पाहायला सांगितलं.

"मान सोड ना आई," ती म्हणाली. "डोळे वर जाऊनच नाही राहिले."

मी हनुवटी सोडली. दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरच्या गाडीत बसलो.

डॉक्टरांनी दिवा लावून तिच्या डोळ्यांच्या आत पाहिलं. नसा सुजलेल्या होत्या. त्यांनी आम्हाला मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की डोक्यात मधोमध गाठ आहे, तीही दोन जागी; एक तहान आणि वाढ सांभाळणाऱ्या भागाशी, दुसरी डोळे वर नेणाऱ्या भागावर दाबते. मी एकच विचारलं, "हे केलं कुणी?"

"कुणीच नाही केलं, बाई," ते म्हणाले. "बाळ पोटात घडत असतं तेव्हा पुढे ज्यांचं संततीचं बीज व्हायचं अशा पेशी आपल्या जागी जायला निघतात. आम्हाला वाटतं, त्यातल्या काही वाट चुकतात आणि डोक्यात अडकतात. वयात येताना त्या वाढू लागतात."

मेंदूभोवतीच्या पाण्यातून हा आजार पाठीच्या कण्यात उतरतो, म्हणून पाठीलाही शेक द्यावा लागेल, असं त्यांनी समजावलं. शेक म्हणजे यंत्राचे किरण. गाठ कापणं जिवावरचं होतं. किरणांनी वितळली तरच कोणत्या जातीची ते कळणार होतं. त्या यंत्रावरही मी संशय घेतला. दाराबाहेर बसून मारुतीचं नाव घेत होते, पण कान आतल्या आवाजाकडे. केस गळले, अन्न जाईना. मग एका सकाळी उलटी झाली नाही. पुढे डोकं दुखायचं थांबलं, आणि हळूहळू डोळे वर जाऊ लागले.

सगळं परत आलं नाही. उंची तेवढीच राहिली. तहान आवरायला नाकात ओढायची औषधाची पूड अजून लागते. पण मालू आज लोधीखेड्याच्या शाळेत शिकवते, आणि पोरं तिला भितात.

लोक विचारतात, देवाने बरं केलं की डॉक्टरांनी? मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं की त्या दिवशी माझ्याजवळ श्रद्धा फार नव्हती, संशयच होता. आणि देवाने माझा संशयच हाताला धरून मला नागपूरला नेलं. आपण रिकाम्या हाताने शरण जावं असं म्हणतात. मी तर वाईट मन घेऊन गेले होते, तरी त्याने परत पाठवलं नाही.

अजूनही मालू सुट्टीत घरी आली की मी मागून तिची चाल पाहते. पाय ओढते का, पाठ दुखते का. पाहून पाहून जीव थकतो. मग मी मनातल्या मनात म्हणते, "मारुतीराया, आता तू पाहा," आणि तिच्यासाठी भाकरी टाकायला उठते.