सड्याचं पाणी

आज शेजारच्या अंगणात शेणाचा सडा पडला आणि त्या वासानं पवनारची एक सकाळ आठवली. वर्ध्याच्या दवाखान्यातली रात्रपाळी करून पहिल्या बसनं आले होते. पाय ओढत होते, पण आमच्या कुत्र्याला फिरवायला घरात माझ्याशिवाय कुणी उठत नसे, म्हणून त्याला घेऊन निघाले. वळणावर एक पिवळं कुत्रं धावून आलं आणि दोघांनी एकमेकांची मान दातांत धरली. मी ओरडले, पट्टा ओढला. त्यानं पकड आणखीच घट्ट झाली. शेवटी वाकून मधे हात घालणार, तोच समोर सडा टाकणारी बाई ओरडली, "हात नोको घालू वो माय, बोटं तोडतीन!" आणि तिनं शेणपाण्याची अख्खी बादली दोघांच्या तोंडावर ओतली. दोघं शिंकत सुटली, पिवळं पळालं. तिनं मला नीट न्याहाळलं. "रातभर झोपली नाई ना तू? जाय, घरी जाऊन पड." आणि ती पुन्हा शेण कालवायला वळली. घरी सगळे चहा पीत बसले होते. "याला वास कसला येतोय?" एवढंच त्यांनी विचारलं. कुत्र्याला आंघोळही मीच घातली. आता रात्रपाळी सुटलीय. तरी सड्याचा वास आला की वाटतं, जाऊन पडावं.