उंबऱ्यावरची पायताणं

शालनताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांकडे बघत नसत, दाराबाहेरच्या पायताणांकडे बघत. घरातली बाई बाहेर येईपर्यंत आत किती माणसं, कोण कामावर आणि कोण आजारी, हे त्यांनी ताडलेलं असे. बसा म्हटलं तरी बसत नसत. "बसलं की पाय आखडत्यात," म्हणायच्या आणि या पायावरून त्या पायावर भार टाकत उभ्या राहायच्या. त्यांच्या शेजारी उभं राहिलं की मलाही उगाच उशीर होतोय असं वाटायला लागे.

आमची गाठ आष्ट्यात पडली. एकट्या आईच्या जिवावर चालणाऱ्या गरीब घरांना, पोरं शाळेत टिकावीत म्हणून, दरमहा मदत मिळत होती. तिचे नियम बदलले होते आणि त्या बदलाचा काही उपयोग झाला का, हे तपासायचं काम आमच्या संस्थेकडे आलं होतं. मी साताऱ्याची, संख्याशास्त्र शिकलेली, हातात टॅब. त्या निवृत्त अंगणवाडी सेविका, हातात पिशवी आणि पिशवीत भाजके शेंगदाणे. कागदावर मी त्यांची वरिष्ठ होते. खूश असल्या की त्या मला "पोरी" म्हणत, रागावल्या की "मॅडम". पहिले बरेच दिवस मी मॅडमच होते.

हळद काढणीच्या दिवसांत एकदा मी एकटीच भर दुपारी एका गल्लीत गेले. यादीत नाव होतं मंगलचं. दाराला कुलूप. दोन हाका मारल्या, शेजारीही कुणी नव्हतं. टॅबवर पर्याय तीनच होते: भेट झाली, नकार दिला, स्थलांतरित. मी तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि समोरच्या रसवंतीत जाऊन बसले. खरं सांगते, संध्याकाळपर्यंत मी ते घर विसरलेही.

जुलैत दुसरी फेरी सुरू झाली. त्याच गल्लीतून जाताना शालनताई थबकल्या. "मॅडम, हिकडं या."

तेच दार, तेच कुलूप. पायरीवर मुलीचे शाळेचे काळे बूट, धूळ बसलेले. शेजारी अंगठा तुटलेली बायकी चप्पल.

"ह्यांनी गाव सोडलंय म्हनून तुमीच ल्हिलंय न्हवं? गाव सोडून जानारं मानूस पायतान मागं ठेवतं व्हय? आन शाळंच्या टायमाला बूट हितं, तर पोरगी कुटं हाय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तांबडं फुटताना गेलो. मंगल भाकऱ्या थापत होती. मदत पाडव्यापासून बंद झाल्याचं तिनं सांगितलं. "हापिसात म्हनले, तुमी गाव सोडलंय. म्या म्हनलं, सायेब, मी तुमच्या म्होरं उबी हाय की! तर म्हनले, कागदावर न्हाई." माझी टॅबवरची नोंद थेट त्या हापिसात पोचली होती. बारा वर्षांची पूजा डोक्याला फडकं बांधून आईबरोबर रानात तण काढायला, भांगलायला निघाली होती. दोघींच्या मजुरीशिवाय आता भागत नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बाहेर आल्यावर शालनताई म्हणाल्या, "गरिबाच्या दाराला दुपारी कुलूप नसंल तवा काळजी करावी. कुलूप म्हंजी मानूस कामावर गेलंय. चूक तुज्या हातानं झाली, आता कागद बी तुज्याच हातानं जाऊ दे."

आमचे साहेब म्हणाले, "अहवाल वर गेलाय. कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेता?" माझं कंत्राट संपत आलं होतं. तीन दिवस मी नुसती घुटमळत राहिले. शालनताई भेटल्या की एकच विचारत, "ल्हिलंस?" चौथ्या दिवशी लिहिलं. चूक माझी आहे, आणि सगळी बंद घरं पहाटे जाऊन पुन्हा बघायला हवीत, असं स्पष्ट लिहिलं.

शालनताई मात्र माझ्या कागदासाठी थांबल्या नव्हत्या. मंगलची गाठ पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या तिच्या दारात हजर. "पैशे येतील तवा येतील. शाळा आज हाय." पूजा काही केल्या ऐकेना. वर्ग पुढे गेलेला, पोरं हसत्यात म्हणे. मग त्या रोज तिचा हात धरून तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडू लागल्या. एकदा पूजानं मलाच बजावलं, "ताई आल्या न्हाईत तर मी जानार न्हाई." तिच्या आवाजावरून ती खरंच जाणार नाही असं वाटलं.

गणपतीच्या आधी मदत पुन्हा सुरू झाल्याचा कागद आला. तो दाखवायला मी सकाळी शालनताईंकडे निघाले, तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. पहाटे वेणी घालता घालता त्या कोसळल्या होत्या. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

माती दुपारी होती. पूजा दारात वाट बघत बसली असेल, तिला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मी आधी तिकडे धावले. वाटभर मी वाक्यं जुळवत होते, एकही धड जुळेना. त्यांच्याशिवाय ही पोर आता शाळेचं तोंड बघत नाही, हेच डोक्यात घोळत होतं.

दाराला कुलूप होतं.

मग शालनताई वाकायच्या तशी वाकून मी पाहिलं. पायरीवर पूजाच्या रानातल्या चपला होत्या, चिखलानं भरलेल्या, वाळलेल्या. काळे बूट नव्हते. ताईंची वाट पाहून पोर एकटीच शाळेत गेली होती.

मी त्या पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले. शाळा सुटेपर्यंत तिला काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं.