पिवळ्या घोड्याचा गड

सणसवाडीच्या एका कारखान्यात मी मोल्डिंग मशिनवर असतो. दिवसभर प्लास्टिकच्या बादल्यांची झाकणं काढायची आणि घरी आलं की पुन्हा प्लास्टिकच. फरक एवढाच, की घरचं प्लास्टिक मी लांबलांबून मागवतो. एकमेकांत टकटक बसणारे खेळण्यातले ठोकळे आणि त्यांची बोटाच्या पेराएवढी माणसं. ही खेळणी कंपनीनं काढायची बंद केली रे केली, की मोठमोठे बाप्ये त्यांच्यावर तुटून पडतात. मीही पडतो. मोबाईलवर शोधायचं, घ्यायचं, जपायचं, दुहेरी आलं तर विकायचं. आमच्या गावात, कवठे येमाईत, मला कांद्याचा बाजार कुणी विचारत नाही, पण प्लास्टिकच्या समुद्री चाच्याची सुटी तंगडी आज काय भावानं चाललीय, ते झोपेतून उठवून विचारा.

तर गेल्या उन्हाळ्यात दौंडच्या एका माणसानं आमच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर फोटो टाकला. करड्या ठोकळ्यांचा किल्ला. चार बुरूज, वरखाली होणारा पूल, दरवाजाला जाळी, आणि शेजारी मूळ खोकं, तेही कोपरे न दबलेलं. तो फोटो बघून माझ्या कपातला चहा आपोआप उकळला. खाली लिहिलं होतं, 'किल्ला विकायचा नाही. याचा घोडेस्वार हरवला आहे. जो आणून बसवेल, त्याने किल्ला न्यावा.'

मी ताबडतोब फोन लावला. समोर रेल्वेतले निवृत्त गार्ड निघाले. मी त्यांना पहिल्या वाक्यातच मामा केलं, कारण मामाकडून माणूस हक्कानं मागू शकतो. मामा पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी दौंड सोडून लेकीकडं राहायला चालले होते. तिच्या फ्लॅटात किल्ल्याला जागा नव्हती, आणि अपुरा किल्ला कुणाच्या हातात द्यायला त्यांचं मन धजत नव्हतं. आदल्या रविवारी दुपारपर्यंत ते वाट बघणार होते. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "एक ध्यानात ठेवा, पिवळा पडलेला घोडा चालायचा न्हाई. माझ्या किल्ल्यानं जन्मात ऊन बघितलं न्हाई."

आमच्या धंद्यात 'पिवळा पडलाय' हे दोन शब्द म्हणजे डॉक्टरनं बाहेर येऊन चष्मा काढणं. पांढरं प्लास्टिक वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की दाताडासारखं पिवळं होतं, आणि मग त्याला कुणी विचारत नाही. ते काही धुऊन जात नाही. बादल्यांच्या झाकणांचं मीच बघतो की.

घोडेस्वार शोधायला मी मोबाईल इतका घासला, की काचेवर पायवाट पडली. अखेर केरळातल्या एका गृहस्थाकडं सापडला. पांढराशुभ्र घोडा, वर पिवळ्या तोंडाचा स्वार, हातात तलवार. बदल्यात त्यानं माझं अख्खं चाच्यांचं जहाज मागितलं. मी शिडासकट दिलं. जहाजं काय, पुन्हा येतील. शनिवारी पार्सल घरी पोचलं आणि मी पहिल्या पाळीला कारखान्यात होतो. इथंच घात झाला.

घरी आलो तर दारात धुपाचा वास. देवघरात आईनं पाट मांडलेला, त्यावर लाल फडकं, फडक्यावर माझा घोडेस्वार. दुधानं न्हालेला. आणि नखशिखांत भंडाऱ्यात बुडालेला. घोड्याचा पांढरा रंग औषधालाही शिल्लक नव्हता.

आई हात जोडूनच म्हणाली, "आरं, खंडेराय आलं. कापसात गुंडाळून, डबीत बसून. तू कवापासनं मागवलं व्हतंस, आन् मला एका शब्दानं बोलला न्हाईस."

तिचंही काय चुकलं म्हणा. पिवळं तोंड, पांढरा घोडा, हातात तलवार. आमच्या घरात असा देव एकच. त्या खेळण्याच्या कंपनीत कुणी आमच्या भागातला कारागीर असला पाहिजे, असं मला आजही वाटतं.

मी घोड्याला हात लावायला गेलो, तर तिनं माझा हात झटकला. ती सवाष्णीच्या ठसक्यात बोलायला लागली की मशिनचा आवाज बंद पडावा. देव बसला, आता उठवायचा नाही. उद्या तर रविवार, त्याचाच वार, त्या दिवशी त्याला दाराबाहेर काढायचं कुणी ऐकलंय का. आणि कुरिअरनं कुठं परत धाडायचं म्हणशील तर बिलकुल नाही.

पुसायला आई हात लावू देईना, आणि ओल्या हळदीचा डाग पुसून जायचाही नाही, असा माझा समज. हळदीवर ऊन हा उतारा मला ठाऊक होता, उन्हात ठेवली की हळद उडते. पण ऊन म्हणजेच पांढऱ्या प्लास्टिकचा काळ. ऊन दाखवावं तर घोडा जातो, न दाखवावं तर किल्ला जातो. तेव्हा माझ्या सुपीक डोक्यातून एक थाप निघाली. म्हटलं, आई, याचा गड दौंडला आहे. मालक गड रिकामा ठेवून वाट बघत बसलाय. देवाला त्याच्या गडावर न्यायला नको का?

आईनं पदर खोचला. मग म्हणाली, "मंग मी बी येती."

रविवारी सकाळी शिरूर-दौंड एसटीत आई खिडकीशी, मांडीवर पितळी डबा, डब्यात देव. न्हावऱ्याच्या पुढं एकेक खड्डा असा, की त्यात बैलजोडी उतरली तर पलीकडून बाहेर यायला पोळा उजाडावा. आई दर खड्ड्याला डब्यावर हात ठेवत होती, मी दर खड्ड्याला किल्ल्याचा नवस बोलत होतो.

मामांच्या घरात सामान बांधून झालं होतं. मोकळ्या खोलीच्या मधोमध टेबलावर किल्ला तेवढा उभा. मी तो जवळून बघितला. एक कण धूळ नाही. पूल ओढला तर रेशमासारखा वर. हा माणूस त्याला रंगाच्या ब्रशनं झाडायचा, आणि खिडकीला दोन पडदे एवढ्याचसाठी लावले होते.

आईनं डबा उघडला. मामांनी चष्मा पुसला, घोडा हातात घेतला, खिडकीशी नेला, पुन्हा आणला.

"पिवळा पडलाय," मामा म्हणाले.

माझ्या पायाखालून दौंड जंक्शन सरकलं, सगळ्या फलाटांसकट. मी काहीतरी थाप जुळवणार तेवढ्यात आई म्हणाली, "पडंल कशानं? भंडारा हाय त्यो."

मामांनी घोड्याच्या पाठीवरनं बोट ओढलं. बोट पिवळं झालं, आणि बोटाच्या वाटेवर पांढरी रेघ उमटली. त्यांनी बोट नाकाशी नेलं. हुंगलं. मग सावकाश तेच बोट स्वतःच्या कपाळाला लावलं.

"वयाचं पिवळं बोटाला लागत न्हाई," ते म्हणाले, आणि घोडा आईकडं दिला. "ताई, तुम्हीच बसवा."

आईनं तो पुलाच्या तोंडाशी ठेवून अंगठ्यानं दाबला. टक्. मशिनवर रोज हजारो झाकणं मारतो मी, पण असा टक् आयुष्यात ऐकला नाही. मामा पाठमोरे होऊन दोरीची गाठ बांधायला लागले. ती आधीच बांधलेली होती.

मी आनंदानं खोकं पुढं ओढलं. किल्ला सुटा करायचा, पिशव्यांत भरायचा, खोक्यात घालायचा, आमची रीतच ती. आईनं माझ्याकडं असं बघितलं, की मी खोकं आपण होऊन मागं सारलं.

"देवाचा गड हाय म्हणलास ना? मंग मोडायचा कसा?"

माझीच थाप, ती आता माझ्याच मानगुटीवर बसली. तो गड अखंड, चार बुरुजांसकट, आम्ही एसटीतून मांडीवर धरून आणला. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, काय हाय मावशी. आईनं सांगितलं, गड हाय. त्यावर त्यानं ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "खड्डं जपून, गड चाललाय." आणि खरं सांगतो, न्हावऱ्यापर्यंत ती गाडी जमिनीला टेकलीच नाही. एक ठोकळा निखळला नाही.

घरी गड देवघरात मावेना. मग माझ्या काचेच्या कपाटातला मधला खण आईनं रिकामा केला. तिथली माझी सगळी फौज खालच्या खणात गेली. म्हणजे ऊन नाही, धूळ नाही, काच बंद. जिथं ठेवायचा माझा बेत होता, अगदी तिथंच. फक्त दर रविवारी ती काच उघडते आणि चिमूटभर भंडारा आत पडतो. मी कारखान्यातून पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आणून घुमट केला, देवाला मखर म्हणून. आता भंडारा मखरावर पडतो. आई खूश, बुरूज खूश.

फोटो मी ग्रुपवर टाकला, मामांना आधी. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. जर्मनीतला एकजण मात्र हट्टाला पेटलाय. पिवळा घोडा त्याच्या कुठल्याच यादीत सापडत नाही, हा असा कधी निघाला आणि किती निघाले, असं विचारतोय, आणि मागेल ती किंमत द्यायला तयार आहे.

मी त्याला खरं तेच लिहिलं. आमच्याकडं एकच निघाला, आणि तो गडावर असतो. बघायचा असेल तर रविवारी या.