दाजींनी घासलेला टॅप

वर्कशॉपात हाताखाली काम करणारा मेहुणा दाजी म्हणायचा, म्हणून बघता बघता अख्खी गल्लीच त्यांना दाजी म्हणू लागली. इंजिनाच्या भागाला आटे पाडताना कुणाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, आत मोडला, की तो काढायला दाजींचंच वर्कशॉप. दाजी आधी मोडणाऱ्याचा उद्धार करत आणि मगच कामाला हात लावत. स्वतःच्या हत्यारांची पेटी मात्र कायम कुलपात. किल्ल्या दोनच, एक खिशात, दुसरी घरी बायकोकडे.

त्या सकाळी मेहुणाच आत टॅप मोडलेलं इंजिनाचं एक हेड घेऊन आला. "दाजी, गिऱ्हाईकानं स्वतःच अक्कल पाजळली बघा."

"कुठल्या गाढवाचा हात हा! एक फेरा पुढं गेलं की अर्धा मागं यायचं, एवढंही कळू नये?"

मेहुणा हसला, पण जरा उशिरा.

हल्ली तो दुपारीच निघून जाई. आईचे गुडघे धरलेत, दवाखान्यात न्यायचंय, म्हणे. दाजी त्याच्या वाटचं कामही उपसत आणि वर सासूबाईंची चौकशी करत.

त्यांनी मोडक्या टॅपच्या खाचांत सायकलच्या घासलेल्या तारा सरकवल्या, रॉकेल सोडलं. जरा पुढे, जरा मागे. मानेला रग लागली तेव्हा कुठे तुकडा सैल होऊन तळहातावर आला.

त्यांनी तो पुसला आणि उजेडात धरला. टोकाचा असा लांब उतार बाजारात मिळत नाही. तो त्यांनी स्वतःच्या हाताने घासला होता. त्यांनी पेटी उघडली. टॅपची जागा रिकामी होती.

"कोण रे गिऱ्हाईक?"

मेहुण्याने मान खाली घातली. मोडका तुकडा कोण ओळखतंय, असं त्याला वाटलं असावं. "पलीकडच्या रस्त्यावर स्वतःचं वर्कशॉप टाकलंय, दाजी. सांगणारच होतो."

"आणि आईचे गुडघे?"

"बरे आहेत."

"हात धरून शिकवलं तुला! केसानं गळा कापलास की रे!" दाजींचा आवाज फाटला.

मेहुणा हेड उचलून दाराशी गेला आणि तिथेच घुटमळला. "दाजी, ताईला काही बोलू नका. मीच गळ घातली होती तिला."

दाजींचा हात आपसूक खिशाकडे गेला. त्यांची किल्ली जागेवरच होती. समोर टेबलावर जेवणाचा डबा होता. सकाळी तो हातात देताना ती म्हणाली होती, "आज त्याला लवकर सोडा हं, आईला न्यायचंय."