दुसरी झूल

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी माझी बायको वारली. ती मशीनवर बसली होती. मी आतल्या खोलीत वाचत होतो. मशीनचा आवाज थांबला तेव्हा मला वाटलं, दोरा संपला असेल. मी पान संपवून उठलो.

शिंदखेड्याच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत ती जाड काम शिवायची. ट्रॅक्टरच्या सीटांची कव्हरं, ताडपत्र्या, कापूस वेचायच्या झोळ्या, आणि पोळ्याच्या आधी बैलांच्या झुली. मी हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो. तिच्या कामाबद्दल मला एवढंच माहीत होतं की त्याचा आवाज येतो आणि वाचताना त्याची सवय होते.

तेराव्याला माझ्या बहिणींनी घर धुऊन काढलं. तिच्या सुया निरनिराळ्या डब्यांत असायच्या. काही काडेपेटीत, काही गोळ्यांच्या बाटलीत, काही काजळाच्या डबीत. बहिणींना तो पसारा वाटला. त्यांनी सगळ्या सुया एका स्टीलच्या डबीत ओतल्या आणि बाकीचं फेकून दिलं. दोऱ्यांच्या कोनांवरचे कागद मळले होते, तेही सोलून काढले. मशीन ओसरीवर सरकवताना त्यात लावलेली सुई मोडली, ती वेगळीच. "आता कसं मोकळं वाटतंय," धाकटी म्हणाली. मी मान हलवली. त्या वेळी मला काय कळत होतं?

श्रावण लागला आणि आबा आले. जवळच्याच खेड्यातले शेतकरी, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. त्यांच्या नव्या बैलजोडीसाठी तिने दोन झुली शिवायला घेतल्या होत्या. एक पुरी झाली होती, लाल, हिरव्या काठाची, आतून कॅनव्हास लावलेली. दुसरी नुसती कापून ठेवलेली होती.

"तयार आहे ती घेऊन जा, आबा," मी म्हणालो. "दुसरी बाजारातून आणा."

"एक लिसन काय करू, गुरुजी? पोळाले एक बैल नवरदेव आनि दुसरा वऱ्हाडी, असं चालस का?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. जोडी तोरणाखालून जाते ती जोडी म्हणून. एकावर झूल आणि दुसरा उघडा, हे गावासमोर कोणी नेत नाही. आणि तिच्या हातची एकुलती झूल पेटीत पडून राहावी, हे मलाही नको होतं.

मी ते कापड घेऊन आमच्या गावातल्या दोन शिंप्यांकडे गेलो. एकाने ते बोटांत धरून पाहिलं आणि परत दिलं. "सर, माझी मशीन शर्टांची आहे. याच्यात रडंल ती." दुसरा म्हणाला, दुसऱ्याने कापलेल्याला मी हात लावत नाही. तो असं सांगत होता, जणू मी त्याला उष्टं जेवायला वाढलं होतं. घरी आलो तर आबा ओट्यावर बसलेलेच.

"मी शिवतो," मी म्हणालो.

आबांनी माझ्या चष्म्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"मी."

"बरं. पोळा अमावास्याले शे, गुरुजी. याच अमावास्याले."

पायमशीन मला थोडं चालवता येत होतं. लग्नानंतर तिने हौसेने शिकवलं होतं आणि मी हौसेने सोडून दिलं होतं. प्रश्न सुईचा होता. त्या स्टीलच्या डबीत शंभरेक सुया, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या. नंबर सुईच्या जाड टोकावर कोरलेला असतो, इतका बारीक की तो कोरणाऱ्यालाही पुन्हा वाचता येणार नाही. शब्दकोशासाठी घेतलेलं भिंग मी काढलं आणि एक अख्खा दिवस सुया वाचल्या. चौदा, सोळा, अठरा, एकवीस, बावीस. संध्याकाळपर्यंत पाच ओळी लावून झाल्या. पुस्तकं विषयवार लावून झाल्यावर वाटतं तसं समाधान मला वाटलं. कोणती सुई कशासाठी, हे मात्र कुठेच कोरलेलं नव्हतं.

कापड जाड, म्हणून मी एकवीस लावली. आता दोरा. घरच्या कोनांवर नंबरांचे कागदच उरले नव्हते, म्हणून एसटीने धुळ्याला गेलो. दुकानात फळीवर लिहिलं होतं: वीस, चाळीस, साठ.

"किती नंबर?" दुकानदाराने विचारलं.

मी वाटेत विचार केलेला होता. सुईचा नंबर मोठा, तर दोऱ्याचाही मोठा. "साठ."

"साठ? काय शिवायचंय?"

"साठच द्या," मी वर्गात म्हणायचो तशा आवाजात म्हणालो. त्याने दिला. दोरा मला बारीक वाटला होता, हे कबूल करतो. पण मजबूत असेल, हल्ली सगळंच बारीक आणि मजबूत निघतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

घरी येऊन वीतभर शिवण घातली आणि ओढून पाहिली. टर्र. सुईने पाडलेल्या भोकात तो दोरा मोठ्या भावाच्या सदऱ्यात धाकटा उभा राहावा तसा उभा होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुळे. दुकानदार हसला नाही, तेच जास्त लागलं.

"सर, दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो."

"आणि सुईचा?"

"सुईचा वाढला की सुई जाड."

"हे कोणी ठरवलं?"

"मला काय विचारता? मी विकतो फक्त."

मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "सरांनाच माहीत नाही, तर आपण काय करायचं?" मी वीस नंबरचा कोन घेतला आणि कोणाशी न बोलता स्टँडवर आलो. एसटीत सगळी वाट मी चिडून बसलो होतो. त्या दुकानदारावर, बहिणींवर, आणि खरं सांगायचं तर तिच्यावर. इतकी वर्षं एका घरात राहून एवढी साधी गोष्ट तिने मला सांगू नये? मग लक्षात आलं की विचारायला हवं होतं, आणि मी विचारलं नव्हतं. त्याने चीड कमी झाली नाही. उलट त्या चिडीला जायला जागा राहिली नाही.

पहिल्या दिवशीच्या भोकांची मी धास्ती घेतली होती. म्हणून या वेळी बारीक सुई लावली. सोळा. वीसचा जाड दोरा तिच्या नेढ्यातून गेला, पण चार टाक्यांत पिंजला आणि तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा पिंजला. अठरा लावली. साध्या कापडावर ती चालली. बैलाच्या पोटाखालून बांधायच्या पट्ट्याजवळ कॅनव्हासचे पाच थर एकावर एक येतात, तिथे कट्कन मोडली. दुसरी अठरा लावली, तीही मोडली. मी मशीनला वाईट बोललो. शाळेत कोणा मुलाला तसं कधी बोललो नव्हतो.

अमावास्येला पाच दिवस होते. आबा चौकशीला आले आणि दारातच थांबले.

"गुरुजी, हाई काय करी राहिनात तुम्ही?"

"सुया मोडतोय."

ते शेजारी बसले. "अक्का सुई दोराले टांगे," ते म्हणाले. माझ्या बायकोला ते अक्का म्हणत. "आनि देखे, सरकस का नही."

त्यांनी करून दाखवलं. सुई दोऱ्यात ओवायची. दोरा दोन्ही हातांत ताणून तिरका धरायचा, एक हात वर, एक खाली. सुई वरच्या टोकाला न्यायची आणि सोडून द्यायची. ती अडली, तर त्या दोऱ्याला ती बारीक. धाडकन खाली आली, तर मोठी. सावकाश घसरत आली, तर तिचीच ती.

मी हे पाहिलं होतं. दाराच्या चौकटीतून, पुस्तकाच्या वरून, कितीतरी वेळा. ती दोरा उजेडाकडे तिरका धरून बसलेली असायची आणि मला वाटायचं, ती दोऱ्यातली गाठ शोधते आहे. आबा वर्षाकाठी एकदा झुली घ्यायला येत. त्यांना कळलं होतं. मी रोज समोर होतो.

सोळा नंबर जागची हलली नाही. अठरा अडत अडत आली. बावीस पडली. एकवीस सावकाश खाली आली आणि आबांच्या अंगठ्याशी थांबली.

म्हणजे पहिल्या दिवशी सुई बरोबर होती आणि दोरा चुकला होता. नंतर दोरा बरोबर आणला आणि सुई चुकवली. दोन्ही बरोबर गोष्टी माझ्या हातात येऊन गेल्या होत्या, फक्त एकाच दिवशी नाही. मी हे आबांना सांगितलं. ते म्हणाले, "व्हस तसं," आणि तंबाखू मळायला लागले.

तीन दिवस शिवलं. पट्ट्यापाशी पायडल सोडून चाक हाताने फिरवलं, एकेक टाका मोजत. सुई एकही मोडली नाही. काठ मात्र एका कोपऱ्यात वाकडा गेला. उसवून पुन्हा घातला, तरी वाकडाच गेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आबांनी दोन्ही झुली ओट्यावर शेजारी पसरल्या आणि बराच वेळ पाहिल्या.

"हाई अक्कानी. हाई तुमनी. कोनबी वळखी."

"मग?"

"मंग काय. तुमनी डावा बैलले टाकसू. तो सर्वास्ले मारस. त्याना जवळ कोन जास देखाले?"

तिच्यामागे मी हसलो तो पहिल्यांदा तेव्हा.

पहिलं वर्ष म्हणून आमच्याकडे सण नव्हता. मी पोळा पाहायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी आबा सांगायला आले की जोडी तोरणाखालून नीट गेली. डाव्याने एकदा उसळी मारली, पण पट्टा टिकला. मी कोपऱ्याचं विचारलं. कोपऱ्याकडे कोणी पाहिलं नाही, असं ते म्हणाले. त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं असेल.

आता दोन्ही झुली आबांच्या घरी आहेत. माझ्याकडे मशीन आहे, वीस नंबरचा अर्धा कोन आहे, आणि पुढची खोली आहे. मी वाचायला तिथे बसतो.