गेटपासचा तिसरा फोटो

पोलादाचा कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत भिलाईत कामावर लागणाऱ्याला एक अर्ज भरावा लागे. त्यात ‘फोटोग्राफ, दोन प्रती’ असं छापलेलं असे. एवढा लांबलचक शब्द आमच्या मजूरवस्तीत, कँप-१ मध्ये, कोण उच्चारत बसणार? आम्ही ‘फोटो’ म्हणायचो आणि आमच्या भंडाऱ्याकडच्या गावात ‘फोटू’. आमच्या बंगाली फोरमनला शिकवायची भारी हौस. चहा पिता पिता त्याने सांगितलं की शब्द मूळचा ग्रीक. फोटो म्हणजे उजेड, ग्राफ म्हणजे लिहिलेलं. म्हणजे आम्ही लिहिणं टाकून उजेड तेवढा ठेवला होता. मला हे फार आवडलं. मॅट्रिक नापास माणसाला आवडायचंच.

बाजारात बांबूच्या तट्ट्यांच्या दुकानात एक फोटोवाला बसे. कोट त्याचा, कंगवाही त्याचाच. त्यामुळे त्या वर्षी भरती झालेले आम्ही सगळे फोटोत एकाच कोटात आहोत, आणि तो कोट कोणालाच नीट बसलेला नाही. त्याने तीन प्रती दिल्या. एक अर्जाला लागली, एक गेटपासावर चिकटली, तिसरी उरली.

ती आईला पाठवायचं ठरवलं. वडील नव्हते, आणि आईने माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. घरची धानाची शेती सोडून लोखंडाच्या मागे लागलो, हा माझा गुन्हा. मी तीन पत्रं पाठवली. थोरला भाऊ वाचायला लागला की ती उठून गोठ्यात जायची, असं गावाकडच्या एकाने सांगितलं. चौथं पत्र लिहायला बसलो तर माझंच डोकं फिरलं. मीही तिचाच मुलगा. एक ओळ लिहिली नाही. पाकिटात नुसता फोटो घातला आणि टपालात टाकला. कोटातला मुलगा पाहून तरी पाघळेल, असं मला वाटलं.

एक गोष्ट मात्र मी साफ विसरलो. आमच्या गावात भिंतीवर फोटो असायचे ते देवांचे, नाहीतर गेलेल्या माणसांचे. माणूस गेला की त्याचं कुठलं तरी जुनं चित्र शोधून तालुक्याहून मोठं करून आणत आणि हार घालत. जिवंत माणसाचा फोटो काढला तर त्याचं आयुष्य घटतं, यावर आईचा ठाम विश्वास होता.

पाकिटातून फोटो निघाला, चिठ्ठी निघाली नाही. भिलाईत उंचावरून माणसं पडतात हे तिने ऐकलेलं होतंच. तिने हंबरडा फोडला. भाऊ तिला समजावायला गेला आणि स्वतःच घाबरला. दुसऱ्या दिवशी दोघं रेल्वेने भिलाईशेजारच्या दुर्गला उतरली आणि विचारत विचारत कँपात आली.

मी नुकताच पाळीवरून येऊन स्टोव्हवर भात टाकला होता. वर पाहिलं तर दारात आई. फोटो पदराच्या गाठीत. तिने पुढे होऊन माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, आणि खात्री पटल्यावर अशी एक ठेवून दिली की गालावर पाचही बोटं उठली.

“जिता आहेस त फोटू कावून धाडला रे?”

मला आधी हसू आलं आणि मग रडू. तू बोलत नव्हतीस म्हणून, असं मी कसंबसं म्हणालो. भात बुडाला लागून राहिला, ती म्हणाली आणि मला बाजूला सारून स्टोव्हपाशी बसली. मला कोण आनंद झाला होता!

जेवणं झाल्यावर भावाने घरच्या बैलांचा विषय काढला. उद्याच्याच गाडीने निघू म्हणाला. आई माझ्याकडे बघत होती.

“तू जाय,” ती त्याला म्हणाली. “मेला समजून आली होती मी. आता जित्याले डोये भरून पाहू दे.”