ऐरणीवरचे दोन ठोके

मी गावात सगळ्यांच्या नकला करतो. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, आमचे वडीलसुद्धा. पण ज्याला कधी पाहिलंच नाही, त्याची नक्कल कशी होते?

तांब्यावर नक्षी कोरायचं खूळ डोक्यात शिरलं आणि त्यासाठी छिन्नी घरीच घडवायची ठरवली. ऐरण, हातोडा आणि घण गौरामावशींकडून आणले. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, लोहार होते. माझ्या जन्माआधीच ते वारले, तेव्हापासून सामान पडून होतं. हातोड्याचा दांडा मालकांच्या अंगठ्याने असा झिजलेला, की माझा अंगठा बरोब्बर त्याच खळग्यात जाऊन बसला.

भर दुपारी मावशी बघायला आल्या. मी तापलेल्या सळईवर घाव घातला आणि नकळत ऐरणीच्या रिकाम्या कडेवर दोन हलके ठोके मारले. टिण, टिण.

मावशींचे दोन्ही हात वर गेले. रिकामेच.

"हे कुणी शिकवलं रे तुला?"

"कुणी नाही. हातच गेला तसा."

"आमच्यात घण बाई मारते. त्यांनी असं वाजवलं की माझा घाव. ते गेल्यापासून असं कुणी बोलावलं नाही."

मी म्हणालो, "म्हणजे मालकांची नक्कल फुकटात जमली." मावशी हसल्या नाहीत. हातोडा ठेवायला गेलो, तर बोटं सुटेनात. आपला म्हणून जो हात मिरवतो, त्यात आधीची किती माणसं राहत असतील कोण जाणे.

सळईचा लाल रंग उतरत चालला. मावशींनी पदर खोचला, घण उचलला आणि माझ्याकडे नाही, हातोड्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, गार होतंय. बोलवा ना."